व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा तो कार्बन पाहून

चेन्नईत बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाला व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा झाला, की पहिला प्रश्न ठरलेला: कुठल्या कंपनीचा घेऊ? सल्लेही ठरलेलेच. परदेशी घ्या, कटकट नाही. वॉरंटी जास्त तो टिकाऊ. आणि सगळ्यांत लाडका सल्ला: हल्ली दुरुस्त कोण करतं? बिघडला की नवा घ्यायचा.

परदेशी म्हणजे टिकाऊ, हे खरं असतं तर २०१९ साली अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने डायसन कंपनीच्या बिनवायरी उभ्या यंत्रांची शिफारस मागे घेतली नसती. ती यंत्रं कचरा ओढण्यात कमी पडली नव्हती; ग्राहकांच्या पाहणीत टिकण्यात कमी पडली. त्यात चेन्नईचा मे महिना. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि इथे ती भिंतीवर टांगल्या जागी तापते. जर्मनीची मीले कंपनी वीस वर्षांच्या वापराचा हिशेब धरून यंत्रं तपासते, हे कौतुकाचंच. पण तिच्या यंत्राची धूळपिशवी मैलापुरात कोण विकतं, ते घेण्याआधी विचारा.

वॉरंटीचा कागद तर मुद्दाम वाचावा. होज, फिल्टर, पिशवी, कार्बन हे झिजणारे भाग त्यातून बहुधा वगळलेले असतात, आणि आधी जातात ते नेमके तेच.

आता दुरुस्तीचं. वायरवाल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर आणि मिक्सरची मोटर एकाच जातीची: युनिव्हर्सल मोटर. आणि मिक्सर दुरुस्त करणारा या शहरात शोधावा लागत नाही. जिथे रोज चटणी वाटली जाते आणि जिथे १९७८ साली ‘प्रीती’ मिक्सरचा जन्म झाला, तिथे त्याचं दुकान चालणारच. तो मागचं झाकण काढतो, होल्डरमधून स्प्रिंगसकट दोन काळ्या कांड्या, म्हणजे कार्बन ब्रश, बाहेर ओढतो. एक बोटाच्या पेराएवढी, दुसरी झिजून नखाएवढी. ठिणग्या उडत होत्या त्या याच्यामुळे. कार्बन ज्यावर घासतात तो कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने पुसला, मापाचे नवे कार्बन बसवले, की यंत्र पुन्हा घरी. ‘मोटर गेली, नवा घ्या’ असं सांगून परत पाठवलेली कितीतरी यंत्रं एवढ्यावर चालू होतात.

ब्रशलेस मोटरला कार्बनच नसतो, त्यामुळे तो झिजण्याचा प्रश्नच नाही, हा प्रतिपक्षाचा मुद्दा बिनतोड आहे. पण तिचा सर्किट बोर्ड बसला, की कोपऱ्यावरच्या कारागिराचे हात टेकतात. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फिरून बोर्ड मिळाला तर नशीब.

शिवाय निम्मी बदनामी कंपनीची नसतेच, आपली असते. दारातल्या कोलमचं, म्हणजे रांगोळीचं, तांदळाचं पीठ यंत्राने ओढायचं, समुद्राच्या दमट हवेत ते फिल्टरवर थापलं जायचं, आणि आपण फिल्टर धुऊन ओलाच बसवायचा! कोरड्या कॅनिस्टरमध्ये ओढलेली हवाच मोटर थंड ठेवते. ती तुंबली की मोटर तापते, थर्मल कटआउट यंत्र बंद पाडतो, आणि शिव्या ब्रँडला.

तेव्हा माझा कौल असा: पिशवीवाला, वायरवाला, साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडणारा कॅनिस्टर घ्यावा. १९८२ पासून दारोदार विकल्या गेलेल्या युरेका फोर्ब्सची जुनी साधी मॉडेलं कारागिरांच्या हाताखालून गेलेली असतात. दुरुस्तीच्या कसोटीवर हा गुण लोगोपेक्षा मोठा. टिकाऊपणाचा आग्रह आता सरकारंही धरतात. युरोपीय संघाने २०१७ पासून नियमच केला, की होज ४०,००० वेळा वाकवूनही शाबूत राहावा आणि मोटर किमान ५०० तास चालावी. फ्रान्समध्ये २०२२च्या नोव्हेंबरपासून व्हॅक्यूम क्लीनरवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, घरगुती टिकाऊ वस्तू तिच्या कक्षेत घेतल्या. दुकानातल्या खोक्यावर मात्र अजून वॅट एवढंच दिसतं.

तोवर एक करा. पैसे मोजण्याआधी मॉडेलचा फोटो घेऊन गल्लीतल्या मिक्सरवाल्या अण्णाकडे जा. कार्बन, होज, पिशवी मिळेल का, एवढंच विचारा. ‘किडैक्कादु’, म्हणजे मिळणार नाही, असं तो म्हणाला, तर कंपनी कितीही मोठी असो, ते मॉडेल घेऊ नका.