भोंग्याचा रंग कोणता?

मुलानं चित्रात आभाळ पिवळं रंगवलं तर तुम्ही काय म्हणता? "अरे, आभाळ कधी पिवळं असतं का?" असंच ना? मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो.

मागं एका मुलीनं कागदभर नुसते पिवळे-तांबडे पट्टे ओढले. घर नाही, झाड नाही. मी खाली 'अपूर्ण' असा शेरा मारला. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, काल आमच्या रानात पाचट पेटवलं तवा असंच दिसत होतं." सांगवीत राहून मी ते आभाळ कितीदा पाहिलं होतं! चूक तिची नव्हती, माझी होती.

आर्थर डव्ह नावाचा अमेरिकन चित्रकार होता. 1910 च्या सुमारास त्यानं लहान लहान तैलचित्रं केली, ती अमेरिकेतल्या अगदी पहिल्या अमूर्त चित्रांत धरली जातात. हा गडी पोटासाठी शेती करायचा, कोंबड्या पाळायचा. निसर्गातली वस्तू जशीच्या तशी न काढता तिचा रंग आणि आकार तेवढा तो उचलायचा. 1929 साली त्यानं धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यांचा आवाज रंगवला. चित्रात भोंगा कुठंच नाही, एकात एक वर्तुळं आहेत आणि आत जावं तसा रंग गडद होतो. आवाज कानात घुमतो, तसा तो डोळ्यांत घुमतो.

लांब कशाला, आपले वासुदेव गायतोंडे बघा. जन्म 1924 चा, नागपूरचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ते रोलरनं आणि सुरीनं रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. चित्रात ओळखू येईल अशी वस्तू नाही, तरी माणूस समोर थबकतो. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं.

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, एलिमेंटरीच्या परीक्षेला हे चालेल का?" तिथं वस्तुचित्र नीटच काढावं लागतं, त्याचा सराव हवाच. माझं म्हणणं एवढंच, की महिन्यातला एक तास तरी रंगाला मोकळा सोडा. मुलांना सांगा, कारखान्याचा भोंगा रंगवा. नीरेचं पाणी रंगवा, पण नदी काढू नका. उसाच्या फडातला उकाडा रंगवा. मग "हे काय काढलंस?" असं विचारू नका. "हाच रंग का घेतलास?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

पहिल्या प्रश्नाला मूल घाबरतं, दुसऱ्याला बोलायला लागतं. आणि आपल्या वर्गात न बोलणारी मुलं किती आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.