बाळ दचकतंय की झटके येताहेत? आधी मोबाइलवर व्हिडिओ काढा

झोपेतून उठताच बाळ मान खाली टाकतं, हात फेकतं, क्षणभर आखडतं. काही सेकंदांनी पुन्हा तेच, एकामागोमाग. ‘पोटात दुखत असेल’ म्हणून ग्राइप वॉटर पाजलं जातं, दृष्टही काढली जाते. यात जाणारे आठवडेच महागात पडतात. हे ‘इन्फंटाइल स्पाझम्स’ असू शकतात. बहुतेकदा पहिल्या वर्षातच सुरू होणारा हा अपस्मार १८४१ मध्ये इंग्लंडच्या डॉ. विल्यम वेस्ट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. रुग्ण त्यांचाच मुलगा होता.

कारणं अनेक: जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं, मेंदूच्या रचनेतले दोष, ट्युबरस स्क्लेरोसिससारखे जनुकीय आजार. कधी कारण सापडतच नाही. आपल्याकडे नवजात बाळाची साखर उतरणं हेही मोठं कारण. दूध लवकर पाजलं, जोखमीच्या बाळाची साखर तपासली, तर ते बरंचसं टळू शकतं. मग प्रत्येक प्रसूतिगृहात हे काटेकोरपणे का होऊ नये?

पुढे अनेक मुलांची वाढ मागे पडते, काहींना स्वमग्नता किंवा दुसऱ्या प्रकारचे झटके येतात. एसीटीएच, स्टेरॉइड किंवा विगाबाट्रिन लवकर सुरू झालं तर आशा वाढते. ईईजीला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली, तर व्हिडिओ दाखवा आणि याच आठवड्यातली मागा.