हर्पिसच्या रिपोर्टमधला आकडा आणि विनाकारण भीती

गर्भपात झाला की ‘टॉर्च’ तपासणी, त्यात हर्पिसची आयजीजी पॉझिटिव्ह, मग गोळ्या आणि महिनाभराने पुन्हा रक्त: आकडा उतरला का? गंगाखेडसारख्या गावात मजुरीवर जगणाऱ्या घराला हा खर्च परवडत नाही. तो थांबलाच पाहिजे.

आयजीजी ही जुन्या संसर्गाची खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालील सुमारे ६४ टक्के लोकांना एचएसव्ही-१ चा संसर्ग आहे. हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत आयुष्यभर दडून राहतो. अधूनमधून तो त्वचेवर येतो, कधी फोड न येताही. तो आज बाहेर पडतोय का, हे रक्तातला आकडा सांगत नाही. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असेही नाही. मग तो उतरवायला असायक्लोव्हिर कशाला? हे औषध विषाणूची वाढ रोखते, दडलेल्या विषाणूला हुसकावत नाही.

जननेंद्रियावर फोड असतील तर मात्र लगेच दाखवा. गरोदरपणात तर नक्कीच, कारण प्रसूतीवेळी बाळाला धोका असतो. तिथे फोडातला नमुना तपासणे उपयोगाचे.

नुसत्या आकड्यासाठी पुन्हा रक्त देऊ नका. आणि त्या आकड्यावरून सुनेला बोल लावू नका.