पाहुण्यांचा मुक्काम आणि मावळतीची वेळ

लग्न गावातच होत असे तेव्हा पाहुण्यांच्या मुक्कामाची फारशी चिंता करावी लागत नसे. वऱ्हाड जानवसघरी उतरे, आत्या-मावश्या आसपासच्या चार घरांत सामावून जात. कोणाला चौविहार आहे, कोणाचे एकासणे चालू आहे, कोणाला पक्केच पाणी लागते, हे त्या घरांतील सुनांना न सांगता ठाऊक असे. आता जालन्यातील अनेक कुटुंबे छत्रपती संभाजीनगरजवळच्या रिसॉर्टवर, नाशिक-लोणावळ्यास, क्वचित उदयपूरलाही लग्न करतात. त्या हौसेस आमचा विरोध नाही. परंतु तेथे ती चार घरे नसतात. त्यांनी न बोलता केलेले काम आता यजमानाला आधी ठरवून आणि लिहून करावे लागते.

या नियोजनाचा आरंभ सूर्यास्तापासून करावा. डिसेंबरच्या पूर्वार्धात जालना असो वा उदयपूर, सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे चौविहार करणाऱ्यांचे जेवण पाचच्या सुमारास सुरू व्हावयास हवे. पत्रिकेत ‘सायंकाळी सातपासून भोजन’ असे छापले, की त्या मंडळींचा उपवास आपणच ठरवून टाकला असे होते. मेमध्ये सूर्यास्त सातच्या जवळ जातो. तेव्हा थोडी सवड मिळते. सकाळचेही तसेच. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते. हिवाळ्यात ती साडेसात ते पावणेआठच्या दरम्यान पडते. पाहुण्यांना स्टेशनवर नेणारी बस सातला सुटणार असेल, तर नवकारसीवाल्यांसाठी बरोबर डबा बांधून दिला पाहिजे.

प्रवासाच्या वेळाही याच हिशेबाने पाहाव्यात. मुंबईहून दुपारी सुटणारी वंदे भारत गाडी सोयीची खरी. पण ती छत्रपती संभाजीनगरला सातच्या सुमारास आणि जालन्याला आठच्या सुमारास पोहोचते. हिवाळ्यात मनमाड सोडल्यावर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. तेव्हा या गाडीने येणाऱ्या पाहुण्यांना ‘डबा बरोबर घ्या, पाचपर्यंत जेवण आटोपा’ असे आधीच कळवावे. मोटारीने येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. वेळ पुष्कळ वाचतो, पण कंदमूळविरहित जेवण वाटेत सहज मिळेल अशा भरवशावर निघू नये.

तिकिटांचे एक गणित यजमानांच्या लक्षात राहत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. लग्नसराईत त्या पहिल्या काही दिवसांतच जागा भरतात. पत्रिका मात्र महिनाभर आधी वाटल्या जातात. म्हणून पत्रिकेची वाट न पाहता तारीख, ठिकाण, जवळचे स्टेशन व विमानतळ एवढे तरी दोन-अडीच महिने आधी कळवावे. आणखी एक उपयुक्त बाब: खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा ६० वर्षांवरील पुरुष व ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना, ते एकटे वा दोघे एका तिकिटावर असताना मिळतो. आजी-आजोबांचे नाव सहा जणांच्या एकत्र तिकिटात घातले, की तो लाभ जातो. त्या दोघांचे तिकीट वेगळे काढावे.

खोल्यांची वाटणी व्यवस्थापकावर सोडू नये. घरातील एका जाणत्या व्यक्तीने ती यादी हाती घ्यावी. वयस्करांना तळमजला, भोजनगृहाजवळची आणि डीजेपासून दूरची खोली द्यावी. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारनंतर मिळते. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरणाऱ्यांसाठी दोन-तीन खोल्या आदल्या रात्रीपासूनच घेऊन ठेवाव्यात, म्हणजे स्नान व सामायिक वेळेवर होईल. प्रतिक्रमणासाठी एक शांत दालन राखावे. पक्क्या पाण्याची भांडी झाकून, नाव लिहून वेगळी ठेवावीत आणि ती कोण भरणार हे स्वयंपाक्याशी बोलून ठरवावे. दिगंबर पाहुण्यांपैकी कोणी शोधाचे भोजन घेत असतील, तर त्यांची व्यवस्था त्यांनाच विचारून करावी; अंदाजाने करू नये.

पाहुण्यांचेही काही कर्तव्य आहे. किती जण येणार, कोणत्या गाडीने, कोणाचे कोणते पच्चक्खाण, हे विचारल्याबरोबर कळवावे. ‘बघू, येऊ’ या उत्तराने यजमानाच्या खोल्या रिकाम्या राहतात किंवा कमी पडतात. लग्नाआधी वा नंतर वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्या पाहावयाच्या असतील, कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांचे किंवा जालन्यात गुरू गणेश तपोधामाचे दर्शन घ्यावयाचे असेल, तर त्या दिवसांचा मुक्काम व वाहन आपले आपण ठरवावे. तो भार यजमानावर टाकणे योग्य नव्हे.

हा सर्व खटाटोप कोणासाठी? रिसॉर्टवरचे लग्न ठरले, की घरातील वडीलधारी माणसे एक वाक्य बोलतात: ‘तुम्ही जाऊन या, आमची तब्येत बरी नाही.’ पुष्कळदा तब्येत ठीक असते. आपल्या व्रतामुळे इतरांची धावपळ होईल, हा संकोच असतो. ज्यांच्या आशीर्वादासाठी लग्नाचा समारंभ करावयाचा, तीच माणसे घरी राहिली, तर मांडव कितीही सजला तरी उणाच. साधर्मिक वात्सल्याचा पाठ आपण व्याख्यानात ऐकतो. तो आचरण्याची संधी पाहुण्यांच्या यादीपुढे एक रकाना वाढवूनही मिळते. त्या रकान्यात प्रत्येकाचे व्रत लिहावे, आणि वडिलांना निमंत्रण देताना तो वाचून दाखवावा.