फुलझाडांचे वरसंशोधन

चामटोलीहून एका भगिनींचे पत्र आले आहे. यजमान निवृत्त झाल्यावर दादरची चाळ सोडून ही मंडळी बदलापूरच्या पलीकडे चामटोलीला राहायला गेली. नेलेल्या सामानात औषधाची एक जुनी बाटली होती आणि तिच्यात सासूबाईंनी वर्षानुवर्षे राखलेले झिनियाचे बी. चाळीच्या गॅलरीत, पत्र्याच्या डब्यांतून ही झिनिया फुलत असे; अबोलीच्या रंगाची, गच्च भरलेली. चामटोलीच्या अंगणात पहिल्या वर्षी हुबेहूब तशीच फुले आली. दुसऱ्या वर्षी काही गुलाबी निघाली, काही एकेरी. यंदा तिसऱ्या वर्षी पंचवीस-तीस झाडांत जुन्या रंगाची दोनच. "बी मी दर वेळी सर्वांत भरगच्च फुलाचेच धरले," असे त्या लिहितात, "मग फुले बिघडली कशी? येथली माती मानवली नाही का?"

मातीकडे दोष नाही. बाईंनी बियाची आई पारखून घेतली. बापाची चौकशी तेवढी राहिली.

झिनिया, कॉसमॉस, झेंडू ही मंडळी आपली लग्ने स्वतः जुळवीत नाहीत. तो मामला मधमाश्यांकडे आणि फुलपाखरांकडे असतो, आणि हे मध्यस्थ काही पत्रिका पाहणारे नव्हेत. आपल्याकडच्या सातेरी माश्या मधासाठी अर्धा-एक किलोमीटर सहज हिंडतात. फुलोरी आहे, आग्या आहे, आणि झिनियावर तर फुलपाखरांची कायमची पंगत. शेजारच्या प्लॉटवरची एकेरी गुलाबी झिनिया, पलीकडच्या कुंपणाची लाल, सर्वांचा पराग अंगावर माखून ती तुमच्या अबोली फुलावर येऊन बसतात. दादरच्या तिसऱ्या मजल्यावर आसपास दुसरी झिनियाच नव्हती, म्हणून वीस वर्षे घराणे शुद्ध राहिले. सासूबाईंच्या हाताला गुण असेलच. पण अर्धे श्रेय त्या चाळीला द्यायला हवे.

फुलांत कीटकांचे नेमके काय काम आहे हे जगाला फार उशिरा कळले. ख्रिस्टियन स्प्रेंगेल नावाच्या जर्मन शाळामास्तराने १७९३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. फुलांचे रंग, पाकळ्यांवरच्या रेषा, मधाची कुपी, सारा थाट कीटकांना बोलावण्यासाठी आहे, असे त्याचे म्हणणे. त्या काळी त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही; पुढे डार्विनने घेतली.

आता 'भरगच्च फुलाचेच बी धरले' याविषयी. झिनियाचे किंवा झेंडूचे एक फूल म्हणजे एक फूल नसते, तो शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती काठाची किरणपुष्पके. त्यांत स्त्रीकेसर असतो, पराग नसतो. मधल्या पिवळ्या टिकलीतली ती बिंबपुष्पके, पराग त्यांच्यापाशी. फूल जितके गच्च भरलेले, तितकी किरणपुष्पके जास्त आणि बिंबपुष्पके कमी. म्हणजे तुमचे सर्वांत देखणे फूल हे जवळजवळ निव्वळ वधूपक्षाचे घर असते! वर बाहेरून येणार, आणि ज्याच्याकडे पराग विपुल तोच येणार. तो बहुधा एकेरी फुलाचा असतो. आई दुहेरी, बाप एकेरी, मग संततीने कोणाचे वळण घ्यावे?

यावर उपाय आहे आणि तो घरात कपाटावर पडलेला असतो. जुनी मच्छरदाणी काढा.

झाडांना कळ्या येऊन पहिले फूल उमलू द्यावे, म्हणजे रंग कळतो. नको त्या रंगाची झाडे तेथून उपटावीत. हात धजत नसेल तर कुंडीत घालून शेजाऱ्यांना द्यावीत, पण लांबच्या शेजाऱ्यांना. राखलेल्या झाडांवर जी फुले उमलून गेली असतील ती सगळी खुडून देवाला वाहावीत, कारण त्यांच्याकडे पाहुणे येऊन गेलेले असतात. मग चार बांबू रोवून सर्व झाडांवर मिळून एकच मच्छरदाणी घालावी आणि कडा मातीत दाबाव्यात. एकेका झाडाला वेगळी पिशवी बांधून चालणार नाही. झिनियाला आणि कॉसमॉसला स्वतःचाच पराग सहसा मानवत नाही, त्यांना दुसरे झाड लागतेच. आता मध्यस्थाचे काम आपल्याकडे आले. दिवसाआड सकाळी, दंव वाळल्यावर, मऊ कुंचल्याने एका झाडाच्या पिवळ्या परागावरून दुसऱ्या झाडाच्या पाकळ्यांच्या बुडाशी फिरवावे. त्यासाठी त्याच रंगाचे, पण मध्ये थोडी पिवळी टिकली असलेले एखादे झाड मुद्दाम ठेवावे. झाडे दहा-बारा तरी असावीत. दोन-तीन झाडांतच पिढ्यान्पिढ्या सोयरीक केली की रोपे खुरटत जातात.

चामटोलीच्या बाईंपाशी मात्र दोनच झाडे उरली आहेत. त्यांनी आजच दोन्ही झाकून त्यांची आपसांत गाठ घालून द्यावी. पुढल्या वर्षीही काही गुलाबी निघतील, त्यांनी खचू नये. सासूबाईंची झिनिया मेलेली नाही, मिसळली आहे. दडलेला गुण निवडीने वर येतो. पण तीन-चार दिवाळ्या वाट पाहावी लागेल. लवकर होईल असे सांगणे म्हणजे फसवणूक.

सर्वच फुलांना एवढा सोवळेपणा लागत नाही. ॲस्टर बहुतांशी स्वतःच्याच परागावर बी धरतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुण्याच्या गणेशखिंडीत तयार केलेले 'फुले गणेश' मालिकेतले वाण घरी राखायला म्हणूनच सोपे. दुहेरी तेरड्याचे तसे नाही. चामटोलीच्या आजूबाजूला पावसाळ्यात रानतेरडा फुलतो, आणि तो याच जातीचा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. अशा शेजारात घराणेही फार दिवस टिकणार नाही. बोंडे पिवळसर होताच मलमलीची पिशवी बांधावी, नाही तर हात लागताच फुटून बी अंगणभर उडते.

दसऱ्याचे तोरण वाळवून त्याचेच बी पेरण्याची पद्धत अनेक घरांत आहे. रोपे येतात, नाही असे नाही. पण बाजारातला झेंडू पुष्कळदा हायब्रिड असतो, आणि हायब्रिडची पुढची पिढी आजी-आजोबांवर जाते: कोणी उंच, कोणी ठेंगू, कोणी फिकट. ज्यांना दरसाल घरचाच झेंडू हवा आहे त्यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा नारंगी गेंदा' किंवा 'पुसा बसंती गेंदा' यांसारखे सरळ वाण एकदा आणावेत. दोन्ही मात्र एका अंगणात नकोत, हे आता सांगायला नकोच. (जाता जाता: झेंडू आणि झिनिया दोन्ही मूळची मेक्सिकोची. तिकडेही नोव्हेंबरच्या आरंभी झेंडूच्या राशी लागतात, त्या मृतांच्या स्मरणासाठी. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या फुलाचे माहेर एवढे दूर!)

बी केव्हा धरावे? कोकणपट्टीत पावसातल्या फुलांचा मोह धरू नये. बोंडातच बुरशी येते. दसऱ्यानंतर उमललेली फुले झाडावरच राहू द्यावीत. महिना-सव्वा महिन्याने देठ तपकिरी होतो, तेव्हा कोरड्या दिवशी दुपारी ती कापावीत. झेंडूचे भरलेले बी काळे आणि टणक असते, पोकळ बी नखाने वाकते. वर्तमानपत्रावर सावलीत आठ-दहा दिवस पसरावे. गच्चीच्या तापल्या लादीवर नव्हे.

खरा वैरी पुढे आहे, तो म्हणजे जुलै. हॅरिंग्टन या अमेरिकन बीजतज्ज्ञाचा अडाखा असा, की बियातला ओलावा एक टक्क्याने उतरवला की त्याचे आयुष्य दुप्पट होते. साठवणीच्या जागेचे फॅरनहाइटमधले तपमान आणि हवेतला दमटपणा यांची बेरीज शंभराच्या आत हवी, असेही त्याने सांगून ठेवले. चामटोलीला भर पावसात तपमानच ऐंशीच्या वर आणि दमटपणा त्याहून चढा. बेरीज दीडशेच्याही पलीकडे जाते. कागदाच्या पुडीतले बी अशा हवेत पुढच्या दिवाळीपर्यंत टिकले तर नशीब. आपल्या आज्या बी राखेत ठेवीत, ते उगीच नव्हे. कोरडी राख ओल शोषते आणि कीडही दूर ठेवते. आज आपण तवाभर तांदूळ भाजावेत, झाकून थंड करावेत आणि घट्ट झाकणाच्या बरणीत बियांच्या दुप्पट घालून वर बियांची पुडी ठेवावी. पंधरा दिवसांनी बी कोरड्या बाटलीत भरून बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. पेरणीच्या वेळी बाटली बाहेर काढली की लगेच उघडू नये. घरातल्या हवेइतकी उबदार होऊ द्यावी, नाही तर आत दंव धरते आणि सारे मुसळ केरात. पुडीवर नाव, रंग आणि साल लिहिण्याचा कंटाळा करू नये. लग्नपत्रिकांचे लिफाफे आणखी कशाला जपून ठेवले आहेत?

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी भाज्यांचे आणि धान्यांचे बी जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. भाजी पोटात जाते म्हणून तिच्या बियाची आठवण कोणाला तरी राहते. सासूबाईंच्या अबोली झिनियासाठी मात्र घरातल्याच कोणी तरी उठले पाहिजे.

बाईंच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "जुन्या बाटलीत तळाशी चिमूटभर बी अजून आहे, ते टाकून द्यावे का?" मुळीच नाही! ते चामटोलीच्या हवेच्या आधीचे, निखळ दादरचे बी आहे. ओल्या फडक्यात वीस दाणे गुंडाळून ठेवा, फडके सुकू देऊ नका, सात-आठ दिवसांनी उघडा. वीसांतले दोन जरी उगवले तरी ते फडक्यावरून अलगद उचलून कुंडीत लावा, आणि मच्छरदाणी धुऊन तयार ठेवा.