चहा स्वस्त झाला होता, तरी तो समुद्रात का फेकला?



आधी एक चूक कबूल करतो. मागच्या व्हिडिओत मी बोलून गेलो की चहा महाग झाला म्हणून अमेरिकेतल्या लोकांनी तो समुद्रात फेकला आणि तिथून त्यांची स्वातंत्र्याची लढाई पेटली. खाली एका प्रेक्षकाने शांतपणे लिहिलं, "सर, चहा महाग नव्हता झाला, स्वस्त झाला होता." पुस्तकं काढून बसलो. ते बरोबर होते.

ही चूक छोटी नाहीये. कारण सध्या आमच्या किराणा दुकानदारांच्या ग्रुपवर एक पत्र फिरतंय. एक मोठी कंपनी ॲपवर माल विकते, तोही आमच्या खरेदीपेक्षा कमी दरात. म्हणून तिचा माल दुकानात ठेवायचाच नाही, असं पत्रात लिहिलंय. मी अजून सही केलेली नाही. का, ते अमेरिकेच्या गोष्टीतून सांगतो.

ब्रिटनच्या तिथे १३ वसाहती होत्या. १७६३ साली फ्रान्सबरोबरचं मोठं युद्ध संपलं आणि ब्रिटनच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. १७६५ मध्ये पार्लमेंटने वसाहतींवर स्टँप कर लावला. वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा. लोक म्हणाले, पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही, मग आमच्या खिशात हात घालणारे तुम्ही कोण?

न्यूयॉर्कच्या २०० हून जास्त व्यापाऱ्यांनी ठरवलं, हा कायदा जाईपर्यंत ब्रिटिश माल मागवायचा नाही. ऑर्डरी थांबल्या तसे लंडनचे व्यापारीच पार्लमेंटच्या दारात गेले. मार्च १७६६ मध्ये कर रद्द!

१७६७ मध्ये पुन्हा कर आले. काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर. पुन्हा बहिष्कार. १७७० मध्ये पार्लमेंटने बाकीचे कर काढले, फक्त चहावरचा ठेवला, पौंडामागे ३ पेन्स. आणि इथे एकी फुटली. न्यूयॉर्कवाल्यांनी चहा सोडून बाकी माल मागवायला सुरुवात केली. मग बाकीच्या शहरांनीही हळूहळू हात सोडला. धंदेवाल्याला हे समजावून सांगायला नको. "समोरचा विकतोय, मग मीच का उपाशी राहू?" कर जागेवर राहिला, बहिष्कार संपला.

आता या १७७३ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनी, हो, बंगाल गिळणारी तीच, कर्जात बुडाली होती. गोदामात चहा पडून होता. पार्लमेंटने तिला सवलत दिली. ब्रिटनमधली जकात परत मिळणार आणि अमेरिकेत स्वतःचे मोजके एजंट नेमून थेट चहा विकता येणार. मधला आयातदार उडाला. चोरून येणाऱ्या डच चहापेक्षाही हा चहा स्वस्त पडणार होता. पण ते ३ पेन्स मात्र तसेच.

व्यापारी चिडले. खरं बोलायचं तर त्यात स्वार्थ होता, काही जण तर स्वतःच चोरट्या चहाचा धंदा करत होते. ते नुसतं "आमचा धंदा बुडतोय हो" म्हणत बसले असते, तर गिऱ्हाईक म्हणालं असतं, "मला स्वस्त मिळतंय, तुमचं तुम्ही बघा." पण वेगळा मुद्दा लोकांच्या मनात बसला: आज हा स्वस्त चहा प्यायलात तर तो कर तुम्ही मान्य केलात. आणि आज चहा एका कंपनीच्या हातात गेला, उद्या दुसरा माल जाईल. बॉस्टनमध्ये सभेला हजारो माणसं जमली, ती काही सगळी व्यापारी नव्हती. १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. कंपनीचं नुकसान ९,६५९ पौंडांचं.

ब्रिटनने बॉस्टनचं बंदरच बंद केलं. तेव्हा इतर वसाहतींनी तिथे धान्य, तांदूळ, मेंढ्या पाठवल्या. सप्टेंबर १७७४ मध्ये १२ वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात बसले आणि १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल बंद केला. पण या वेळी लगाम फक्त व्यापाऱ्यांच्या हातात ठेवला नाही. गावोगावी लोकांनी निवडलेल्या समित्या. करार मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात. आणि माझं सगळ्यात आवडतं कलम: माल कमी पडला म्हणून कुणी भाव वाढवायचा नाही, गेल्या वर्षभराच्या भावानेच विकायचं.

विचार करा, हा करार दुकानदारालाही बांधत होता! म्हणून गिऱ्हाईक सोबत राहिलं. १७७५ मध्ये ब्रिटनमधून येणारा माल नव्वद टक्क्यांहून जास्त घटला.

नुसत्या बहिष्काराने स्वातंत्र्य मिळालं, असं मी म्हणत नाही. नाहीतर पुन्हा कुणीतरी खाली लिहील! एप्रिल १७७५ मध्ये गोळी चालली, ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला. व्हॅली फोर्जच्या छावणीत सुमारे दोन हजार सैनिक रोगराईने गेले. १७७८ मध्ये फ्रान्स सोबत आला, १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रं ठेवली, १७८३ मध्ये तह झाला. हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. आणि ज्या देशाने स्वातंत्र्याचा एवढा जयघोष केला, तिथे लाखो काळी माणसं गुलामच राहिली, हेही विसरायचं नाही.

पण तीन बहिष्कारांतून मला एक गोष्ट पटली. व्यापाऱ्याची तक्रार जोपर्यंत फक्त व्यापाऱ्याची असते, तोपर्यंत ती पहिल्या सवलतीला फुटते. गिऱ्हाइकाला ती स्वतःची वाटली, तर टिकते.

आता आमच्या ग्रुपवरचं पत्र बघा. आमचं मार्जिन, आमची उधारी, आमचं नुकसान. सगळं खरं आहे, मीही रोज गल्ला मोजताना तेच भोगतोय. पण काउंटरसमोर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या काकूंसाठी त्यात एक ओळ नाही. त्यांनी दहा रुपये वाचवायचे सोडून आपल्याकडे का यावं?

म्हणून ग्रुपवर मी एक ओळ सुचवलीय: "या काळात दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या मालाचा भाव आम्ही वाढवणार नाही." ही ओळ पत्रात आली, तर पहिली सही माझी. नाही आली, तर आपली एकी १७७० सारखी फुटणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या गावात काय चाललंय, कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि माझी पुन्हा चूक झाली असेल तर तेही लिहा. परवाच्या त्या प्रेक्षकाचे मनापासून आभार!