पदर

भाषेच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. त्यात ‘पदर पसरणे’ असे दिसले, की विद्यार्थी ‘याचना करणे’ असे लिहून मोकळा होतो. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. परंतु पदर पसरल्याने याचना कशी होते, असे विचारल्यास तो गोंधळतो. माझ्या मते ज्याने शब्दामागचे वस्त्र पाहिले नाही, त्याला तो वाक्प्रचार अर्धाच आला.

लुगड्याचे जे टोक खांद्यावरून घेतले जाते, त्याला आपण पदर म्हणतो. वाशीम जिल्ह्यातील कारंजा, मंगरुळपीर, रिसोड या भागांत नऊवारी लुगडे नेसणाऱ्या वृद्ध स्त्रिया अजून भेटतात. अशा एखाद्या आजीकडे नीट लक्ष द्या. उन्हातून चालताना पदर तिच्या डोक्यावर असतो. घाम आला की त्यानेच ती तोंड पुसते. चुलीवरचे तापलेले भांडे त्याच्याच घडीने उतरवते आणि रडणारे नातवंड त्याच्याच आड घेते. शेतातून परतताना तुरीच्या शेंगा किंवा बोरे पदरात असतात. बाजाराला निघाली की पदराच्या टोकाला पैशांची गाठ असते. लुगड्याला खिसा नसतो. तेव्हा पदर हाच तिचा खिसा, हीच तिची पिशवी आणि हीच तिची तिजोरी.

या तिजोरीचा थोडा विचार करा. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, अशीच पूर्वी बहुतेक घरांतील रीत होती. हिंदू कुटुंबातील वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी कायद्याची दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली. साऱ्या देशासाठी ती २००५ साली झाली. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांत, स्वतःचे म्हणावे असे स्त्रीजवळ जे काही होते, ते बहुधा त्या एका गाठीत मावत असे. हे ध्यानात घेऊन ‘पदरमोड करणे’ हा शब्द पुन्हा वाचा. दुसऱ्याच्या कामासाठी स्वतःचे पैसे खर्च करणे, एवढा कोरडा अर्थ मग पुरत नाही. कुणाच्या तरी वहीसाठी वा औषधासाठी सोडलेली ती गाठ डोळ्यांपुढे उभी राहते. आणि पदर पसरणारी स्त्री आपली रिकामी तिजोरीच समोरच्याला दाखवीत असते. ‘याचना’ या शब्दात हे कोठे आहे?

पदर केवळ स्त्रियांचाच असतो असेही नाही. शेल्याला पदर असतो, उपरण्याला असतो, पागोट्यालाही असतो. म्हणूनच राजाच्या ‘पदरी’ शूर सरदार असत आणि एखाद्या धोतर नेसणाऱ्या गृहस्थाच्याही ‘पदरात’ चार मुले असत. ज्याला आपण आश्रय दिला, ज्याची जबाबदारी घेतली, तो आपल्या पदरी. शिक्षक चूक पदरात घालतात, म्हणजे ती आपलीच आहे हे आपल्याला पटवून देतात. क्षमाशील माणूस दुसऱ्याचे अपराध पदरात घेतो. घालणे आणि घेणे, एवढ्या फरकाने केवढा पालट होतो!

आपल्या शेजारच्या भाषांनाही हे वस्त्र ठाऊक आहे. कन्नडमध्ये पदराला ‘सेरगु’ म्हणतात. तेथेही काकुळतीने मागणारी स्त्री सेरगु पसरते. हिंदीत ‘आँचल’ पसरतात. तेलुगूत पदराला ‘कोंगु’ असा शब्द आहे आणि भक्ताची इच्छा पुरविणाऱ्या देवाला तेलुगू लोक ‘कोंगुबंगारम्’ म्हणतात. बंगारम् म्हणजे सोने. पदराला बांधलेले, हवे तेव्हा हाताशी येणारे सोने! मला हा शब्द फार आवडतो. इंग्रजांच्या घरी पदर नाही, पण स्वयंपाक करताना बाई पुढे ॲप्रन बांधते. म्हणून आईला सोडून न राहणारा त्यांचा मुलगा ॲप्रनच्या नाडीला बांधलेला असतो. आपला मुलगा आईच्या पदराला धरून चालतो.

मात्र शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू गेल्यास फजिती होते. वाशीमच्या बाजारात मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी बोलल्या जातात. व्याख्यान ऐकून आलेला एखादा म्हणाला, “मेरे पल्ले कुछ नहीं पड़ा,” तर त्याला काही समजले नाही, असा अर्थ होतो. पल्ला म्हणजे पदरच. परंतु हेच मराठीत “माझ्या पदरात काही पडले नाही” असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला वाटेल, व्याख्यानानंतर काहीतरी वाटले असावे आणि याला ते मिळाले नसावे!

वेष आणि वाणी यांचा संबंध वाशीमला नवा नाही. या नगराचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ती राजधानी होती. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाच्या पंडिताने ‘काव्यमीमांसा’ या संस्कृत ग्रंथात एक कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष देशोदेशी हिंडत होता आणि साहित्यविद्या नावाची वधू त्याच्या मागोमाग जात होती. प्रांत बदलला की तिचा वेष बदले आणि त्याबरोबर बोलण्याची रीतही बदले. अखेर त्या दोघांचा विवाह झाला, तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात.

या पदराच्या घराण्यात सारेच चांगले आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ‘पदरी पडले, पवित्र झाले’ ही म्हण मला मुळीच रुचत नाही. जे वाट्याला आले ते निमूटपणे सोसावे, असे तिने किती मुलींना शिकविले असेल! ती म्हण जुनी आहे एवढ्यासाठी तिला वंदन करण्याचे कारण नाही.

तुमच्या वर्गातील मुली शाळेत पदर घेत नाहीत. धावायला व सायकल चालवायला सोयीचा पोशाख त्यांच्या अंगावर असतो, आणि ते योग्यच आहे. वस्त्र गेले की त्याचे शब्दही जातील, अशी भीती काही जण व्यक्त करतात. मला ती खरी वाटत नाही. पदर म्हणजे थर किंवा पट्टा, असाही अर्थ मराठीत कधीचाच रुळला आहे. पोळीला पदर सुटतात, दोराला पदर असतात, मोत्यांची माळ तीनपदरी असते. नागपूरहून मुंबईला जाणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग आपल्या कारंज्याजवळून जातो. त्याच्यावर एका वेळी सहा रांगांनी वाहने धावू शकतात आणि मराठीत त्याला ‘सहापदरी’ म्हणतात. तो रस्ता आखणाऱ्यांपैकी किती जणांना त्या शब्दात लुगडे दिसले असेल, कोण जाणे!